साठ मोजेपर्यंत

मावशीच्या दुकानात शिरलं की आधी बंदूक बाकावर ठेवावी लागे. टोप्या हव्यात एवढं सांगून भागत नसे. कुणी नवखा दारातूनच म्हणाला, अकरा नंबरची एक डबी द्या, की मावशी आपला एकुलता डोळा त्याच्याकडे वळवून विचारी, बंदूक कुठाय? घरी आहे म्हटलं, तर मग तुम्हीही घरीच जा. एकदा एक शिकारी साहेब हुज्जत घालायला लागले, की डबीवर नंबर छापलेला असतो, तो बघून द्यायला बंदूक कशाला लागते. मावशी म्हणाली, चपलेवरही नंबर छापलेला असतो, तरी पाय घालून बघताच ना? साहेब तणतणत गेले आणि तासाभरात बंदूक घेऊन परत आले.

ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिलीच नाही त्यांना थोडं सांगायला हवं. तिच्या नळीत तोंडाकडून दारू ओततात, वर गोळी टाकतात आणि गजानं ठासतात. मागच्या बाजूला, घोड्याखाली, एक बारीक पोकळ तोटी असते. त्या तोटीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. टोपीच्या पोटात कणभर स्फोटक असतं. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी तोटीतून आत जाते आणि बार उडतो. सगळी मदार त्या टोपीवर, आणि ती तर करंगळीच्या नखापेक्षा लहान.

टोपी सैल असली तर ऐनवेळी गळून पडते. घट्ट असली तर तोटीवर पुरती उतरत नाही, केसभर वर राहते. मग घोड्याचा पहिला ठोका तिला नुसता खाली बसवण्यातच खर्ची पडतो, टक् असा कोरडा आवाज येतो, आणि बार उडतो तो दुसऱ्या ठोक्याला. नंबर एकच असला तरी दोन कारखान्यांच्या टोप्या सारख्या नसतात, आणि तोट्या तर झिजून झिजून प्रत्येकीची वेगळीच तऱ्हा झालेली. म्हणून मावशी तीन-चार डब्यांतली एकेक टोपी काढी आणि रिकाम्या बंदुकीच्या तोटीवर उजव्या अंगठ्यानं दाबून बघे. हत्यारानं कधीच नाही, फक्त अंगठ्यानं. टोपी तळापर्यंत गेली पाहिजे, कड चिरता कामा नये, आणि बंदूक उलटी करून हलवली तरी पडता कामा नये. एवढं जमलं की ती डबी पुढे सरकवी. त्या अंगठ्याच्या पोटाला एक गोल घट्टा पडला होता, आणि गावातले निम्मे बार त्या घट्ट्याच्या भरवशावर उडत होते.

हे शहाणपण तिनं एका डोळ्याच्या बदल्यात कमावलं होतं. तिचा नवरा बंदुका दुरुस्त करायचा. हात सोन्याचे होते त्याचे, फक्त ते दिवसा लोखंडावर चालत आणि जेवणाच्या वेळी बायकोवर. सैल टोपी चिमटीत दाबून चपटी करायची आणि बसवायची, अशी त्याची खोड होती. एका सकाळी मागच्या अंगणात तो एक बंदूक तपासत होता. मावशी तेव्हा कुणाची मावशी नव्हती, पंचविशीची बाई होती. ती म्हणाली, ही टोपी फुटून तुकडे उडतील. त्यानं तिचा दंड धरून तिला आपल्या उजव्या खांद्यापाशी उभं केलं, म्हणाला, बघ कशी फुटते ती, आणि चाप ओढला. टोपी फुटली. तांब्याचा एक तुकडा तिच्या उजव्या डोळ्यात शिरला. ती गुडघ्यांवर बसली, बोटांमधून रक्त आणि पाणी गळत होतं, आणि नवरा आधी नळीला काही झालं का ते बघत होता. इस्पितळातून ती परत आली तेव्हा टोप्यांचा कप्पा तिनं आपल्या ताब्यात घेतला. नवऱ्यानं दिला म्हणून नव्हे. गिऱ्हाइकंच म्हणायला लागली, टोपी वहिनींनाच बघू द्या. त्या दिवशीही तिनं मार खाल्ला, पण कप्पा सोडला नाही.

तिचा दुसरा नियम अडलेल्या बाराचा. टक् वाजलं आणि बार उडाला नाही, तर तो मेला असं समजायचं नाही. आत एखादी ठिणगी धुमसत असते आणि पाच, दहा, कधी वीस आकड्यांनीही बार उडतो. म्हणून नळी जिथं रोखलीय तिथंच ठेवायची, कुणी जागचं हलायचं नाही आणि साठ मोजायचे. एका लाकूडतोड्यानं तिच्या अंगणात चार आकडेही मोजले नाहीत. काय झालं बघू म्हणून त्यानं नळीत डोकावून पाहिलं आणि त्याचा अर्धा चेहरा मागच्या भिंतीवर गेला. मावशीनं भिंत धुतली, पण चुन्यात मुरलेला डाग गेला नाही. त्या डागाखालीच तिनं कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, बार अडला तर हलू नये, साठ मोजावे.

तिला एकच लेक. सात वर्षांची असताना ती चेंडूमागे अंगणात धावली, नेमकी तिथं तपासत असलेल्या बंदुकीचं टक् वाजल्यावर. दोन पावलं गेली आणि बार उडाला. गोळी तिच्या वेणीजवळून गेली. मावशीनं तिला धरलं आणि कानाखाली अशी एक ठेवून दिली की पोरीच्या कानातून रक्त आलं आणि तीन दिवस तिला त्या बाजूनं ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी शिकवणी सुरू झाली. मावशी रिकाम्या बंदुकीचा घोडा आपटायची. टक् झालं की लेकीनं जिथं असेल तिथं थिजायचं आणि मोजायचं. हलली की थप्पड. महिनाभरात पोरगी अशी तयार झाली, की तोंडात घास असला तरी तो चावायची थांबायची. मावशीला आयुष्यात फार थोड्या गोष्टींचा अभिमान वाटला, त्यातली ही एक.

नवरा पुढे मेला, बाकावरच, हातात कानस धरून. मावशी रडली नाही, खोटं कशाला सांगा. तिनं त्याच्या मुठीतून कानस सोडवली, कारण ती चांगली होती.

जावई तिनंच पसंत केला. मळेवाले त्याला रानडुकरं मारायला बोलवत. हसरा, गप्पिष्ट माणूस. पण मावशी भाळली ती वेगळ्याच गोष्टीवर. तो बंदूक इतक्या निगुतीनं पुसायचा, नळीतून तीनदा फडकं काढायचा, तोटीला तेलाचा एकच थेंब लावायचा. हत्याराला इतकं जपणारा माणूस बायकोलाही जपेल, असं तिनं धरून चाललं. बंदुकीतलं तिला सगळं कळत होतं, माणसांत मात्र तिचा दुसरा डोळाही अधूच होता.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा लेक एकदा दुकानात आली आणि तेलाचं भांडं पुसता पुसता, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगून गेली. भांडण झालं की तो दारावरची बंदूक काढतो. तिच्यासमोर दारू भरतो, गोळी ठासतो, टोपी बसवतो आणि नळी तिच्या छातीला लावून उभा राहतो. कधी नुसता हसतो. कधी दस्ता उलटा करून मारतो. मावशीनं तिला तिथंच ठेवून घ्यायचं म्हटलं. लेक नको म्हणाली. तो इथेही येईल, आणि इथे एकीच्या जागी दोघी सापडतील.

पोलिसांत जाऊन झालं. हवालदारानं दोघांना समोरासमोर बसवून समजूत घातली, आणि त्या समजुतीचं बक्षीस लेकीला घरी गेल्यावर मिळालं.

तेव्हा मावशीनं आपल्या हातात होतं तेवढं केलं. जावयाच्या बंदुकीची तोटी तिनंच बसवलेली होती, तिचं माप तिला झोपेतही सांगता आलं असतं. पुढच्या खेपेला तिनं त्याला एक माप घट्ट टोप्या दिल्या. डबी मात्र नेहमीचीच. मेलेल्या टोप्या देऊन चाललं नसतं, त्या त्यानं फेकल्या असत्या आणि दुसरीकडून आणल्या असत्या. दुसऱ्या ठोक्याला उडणारी टोपी मात्र माणूस वापरत राहतो, शिव्या देत का होईना. जावई पंधरा दिवसांनी कुरकुरत आलाच. मावशीनं तोटीकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, तोटी नवी आहे, रुळू द्या. त्यानं ऐकलं. टोप्यांच्या बाबतीत तिच्यावर शंका घेणारा माणूस त्या गावात जन्मायचा होता. चुकीची टोपी मात्र मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा दिली होती.

लेकीला तिनं एकटीला गाठून सांगितलं. "त्यानं कधी खरंच चाप ओढला तर टक् वाजेल. तेवढाच एक श्वास तुझा. पळायचं. मागं बघायचं नाही." लेकीनं मान हलवली.

डुकराला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. पावसाळा संपता संपता एका मळ्यात मोठा सुळेवाला नर जावयाच्या अंगावर आला. टक् वाजलं. त्यानं घोडा पुन्हा मागे ओढेपर्यंत सुळा त्याच्या मांडीत शिरून गुडघ्यापर्यंत फाडत गेला होता. दुसऱ्या ठोक्याला बार उडाला आणि डुक्कर त्याच्याच पायांवर कोसळलं. एकोणीस टाके पडले. बाहेर तो ही गोष्ट रंगवून सांगायचा. घरात तो कुबडी घेऊन बसला, आणि एक दिवस पाणी कोमट आणलं म्हणून त्याच कुबडीनं त्यानं लेकीला जमिनीवर पाडून मारलं. दोन दात गेले, एक बरगडी मोडली. लेक शेवटी दुकानात आली ती तोंडावर ओढणी दाबून. मावशीनं ओढणी दूर केली आणि तोंड बघितलं. हे मारणं त्याचं होतं, पण ती कुबडी त्याच्या हातात आपण दिली, हे तिला कळत होतं. तिनं लेकीला आत निजवलं आणि पहिल्यांदाच दुकान भरदिवसा बंद केलं.

जावई वीस दिवसांनी आला. भर दुपारी. मावशी बाकाशी उभी राहून कानस चालवत होती आणि लेक चार पावलांवर, मागच्या भिंतीपाशी, पुसलेले गज रांगेनं लावत होती. तो लंगडत आत शिरला, भरलेली बंदूक खांद्याला. घाम पुसला, मावशीला नीट हाक मारली आणि म्हणाला, आई, हिला पाठवा, घर उघडं पडलंय. मावशी नाही म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं, तितक्याच गोडीनं. मावशी पुन्हा नाही म्हणाली आणि रस्त्यात जाऊन कुणाला तरी बोलवावं म्हणून वळली, पण दाराची वाट त्यानं अडवलेली होती. त्यानं खिशातून डबी काढली, एक टोपी तोटीवर ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. मावशीची नजर तिथंच होती. टोपी केसभर वर राहिली. तेवढ्याच आधारावर तिनं श्वास घेतला.

त्यानं नळी लेकीच्या छातीवर रोखली. या वेळी तो हसला नाही. त्यानं चाप ओढला.

टक्.

"पळ," मावशी ओरडली.

लेक हलली नाही. हातात गज, पाय जमिनीला खिळलेले, डोळे नळीवर. तिचे ओठ मात्र हलत होते. मावशीला एका डोळ्यानंही ते वाचता आले. एक. दोन. पोरगी मोजत होती. तेवीस वर्षांपूर्वी थपडा मारून मारून शिकवलेलं ती चोख करत होती, आणि मावशीनं जीव टाकून तिच्यासाठी मिळवलेला तो एक श्वास उभ्याउभ्या संपत होता. आणि जावई मोजत नव्हता. इतके महिने याच टोप्यांनी त्याला शिकवलं होतं, की थांबायचं नसतं, पुन्हा घोडा ओढला की बार उडतोच. दोघांचीही गुरू मावशीच होती.

त्यानं घोडा मागे ओढला. मावशीनं कानस टाकली आणि बाकाला वळसा न घालता बाकावरूनच अंग झोकून दिलं. बंदुकीला तिचे दोन्ही हात लागले तेव्हा चाप ओढून झाला होता. घोडा सुटला होता. घोडा आणि टोपीच्या मधे तिनं उजवा अंगठा घातला.

घोड्याचं तोंड खोलगट असतं, त्याला कड असते. ती कड नखातून, मासातून हाडापर्यंत गेली. हाड फुटल्याचा आवाज आधीच्या टक् पेक्षा मोठा होता. पण टोपी वाजली नाही. मावशी किंचाळली आणि अंगठा तिनं तिथंच ठेवला. जावई बंदूक हिसडायला लागला. प्रत्येक हिसड्याला तिचा अंगठा घोड्याखाली आणखी चिरडत होता आणि ती बंदुकीबरोबर इकडून तिकडे फरपटत होती. त्यानं तिच्या तोंडावर कोपर मारलं, चांगल्या डोळ्याच्या बाजूनं. तिला काही दिसेनासं झालं. तिनं सगळा भार नळीवर टाकला आणि नळी जमिनीकडे वळली.

नळी छातीवरून हटली तशी लेक सुटली.

"तीन," ती म्हणाली आणि हातातला लोखंडी गज त्याच्या उजव्या मनगटावर घातला. मनगट नको तिथं वाकलं. "चार." खांद्याच्या हाडावर. त्याची पकड गेली, तो बाकावर पडला. "पाच," म्हणून जबड्यावर. "सहा, सात." तो खाली घसरला, तिनं टाके पडलेल्या मांडीवर मारलं आणि मांडी पुन्हा उघडली. तो हात वर करून काहीतरी सांगत होता, पण जबडा जागेवर नसल्यामुळे ते शब्द होत नव्हते. लेक मोजत राहिली. आवाज चढला नाही, घाई नाही, सकाळच्या शिकवणीला बसावी तशी एकेका आकड्याला एक घाव. मावशी जमिनीवर बंदुकीला अंगठ्यानं टांगलेली बसली होती. तिला घावांचे आवाज ऐकू येत होते. चौदा, पंधरा. खरं सांगायचं तर तिला ते ऐकून बरं वाटत होतं. आपल्या नवऱ्याच्या वेळी कुणीतरी असं मोजायला हवं होतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग एका घावाचा आवाज ओला आला आणि ती भानावर आली. पोरगी साठपर्यंत जाणार, हे तिला कळलं. अर्ध्यात थांबणं तिला शिकवलेलंच नव्हतं.

"साठ," मावशी म्हणाली. "बाळा, साठ झाले."

लेकीनं गज खाली ठेवला.

मग ती आईजवळ बसली, बंदुकीची नळी भिंतीकडे वळवली, घोडा हळूच मागे ओढला आणि अंगठा सोडवला. टोपी तोटीवर तशीच होती, रक्तानं माखलेली. लेकीनं ती नखानं काढली आणि पाण्याच्या भांड्यात टाकली. शेजारचे लोक दारात जमले होते. आत यायला कुणी धजत नव्हतं.

जावई जगला. उजव्या हाताची बोटं त्याची आता मिटत नाहीत, आणि तुरुंगात त्याला पातळ जेवण देतात. फौजदारानं बंदूक जप्त केली आणि मावशीला विचारलं, पहिल्या ठोक्याला बार का उडाला नाही, सांगता येईल का? मावशीनं सांगितलं, टोपी घट्ट होती. चुकून दिलीत? चुकून मी काही देत नाही, ती म्हणाली. फौजदारानं बराच वेळ तिच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि कागदावर फक्त टोपी घट्ट होती एवढंच लिहिलं. अंगठा डॉक्टरांनी मुळापासून काढला. घट्टा त्याच्याबरोबरच गेला. आता टोप्या लेक बघते, आपल्या अंगठ्यानं, आणि गिऱ्हाइकांना बंदूक आणायला घरी पाठवते.

जखम भरल्यावर एका सकाळी मावशीनं विचारलं, तू पळाली का नाहीस?

"पाय उचलेचनात," लेक म्हणाली. "अजून कान दुखतो माझा."

मावशी उठून मागच्या अंगणात गेली. भिंतीवरची कोळशाची अक्षरं तिनं ओल्या फडक्यानं घासली, पण वर्षानुवर्षांची अक्षरं ती, अर्धीच पुसली गेली. मग तिनं एक रिकामी बंदूक आणली आणि लेकीला अंगणाच्या मधे उभं केलं. टक् वाजलं की रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पळायचं, म्हणाली. तीस वर्षांची बाई, चारचौघांत काय शोभा होईल, वगैरे लेकीनं म्हणून बघितलं. मावशीनं डाव्या हातानं घोडा आपटला. लेक थिजली. ओठ हलायला लागले. मावशीनं चप्पल फेकून मारली आणि लगेच स्वतःच दचकली, कारण चप्पल मारून शिकवलेलं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. ती जाऊन चप्पल घेऊन आली आणि नुसतं म्हणाली, परत.

आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी टक् वाजलं आणि लेकीचा पाय उचलला. मग दुसरा. ती अंगणातून, दुकानातून, एका गिऱ्हाइकाला ढकलून रस्त्यावर गेली आणि कोपऱ्यावरच्या खांबाला धरूनच थांबली. परत आली ती धापा टाकत, आणि कितीतरी महिन्यांनी हसत, पुढचे दोन दात नसलेलं हसू. तिनं आईच्या हातातली बंदूक घेतली.

"आता तू," ती म्हणाली.

मावशीनं आढेवेढे घेतले. वय, गुडघे, एकच डोळा, सगळं काढून झालं. लेक ऐकेना. शेवटी मावशी अंगणाच्या मधे जाऊन उभी राहिली, पदर खोचून. लेकीनं घोडा मागे ओढला आणि सोडला.

टक्.

मावशी उभीच राहिली. तिनं मनापासून पळायचं ठरवलं होतं. पण अंग आवळून, मान खांद्यांत घालून, एक हात डोळ्यापुढे धरून ती होती तिथंच उभी होती, आणि कुणाच्या तरी हाताची वाट बघत होती. तो हात मरून अकरा वर्षं झाली होती. ओठांवर कधी आकडे सुरू झाले ते तिचं तिलाही कळलं नाही.

आईचे वीस झाले, तीस झाले, तशी लेक बंदूक धरून थांबून राहिली.

मावशीनं हात खाली घेतला.

"परत," ती म्हणाली.